उजव्या बाजूचा आरसा

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात, त्यांच्या खाटेजवळ बसलेलो असताना एकदा ओठांपर्यंत आली होती. पण ज्यांच्या बाबतीत ती घडली, त्या शालिकभाऊंना ते ओळखत होते. मग कसं सांगणार? गिळून टाकली. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आधी माझं काम सांगतो. मी सिटी बसच्या ड्रायव्हरांची रोड टेस्ट घेतो. दरवाज्याजवळच्या सीटवर मांडीवर फॉर्म घेऊन बसायचं आणि ड्रायव्हर बस कशी चालवतो ते बघायचं. थांब्यावर बस कडेला नीट लावतो का, ब्रेक झटका देऊन मारतो का, प्रवासी पूर्ण चढायच्या आत गाडी हलवतो का. प्रत्येक गोष्टीला गुण असतात. पण फॉर्मच्या तळाशी एक वेगळा रकाना आहे — गंभीर चूक. त्यात एक जरी नोंद पडली तर वरचे सगळे गुण फुकट. माणूस नापास.

म्हणजे बघा, त्या रकान्यात मी काय लिहितो ते तपासणारं कोणी नसतं. मी पाहिलं म्हणालो की पाहिलं. नाही म्हणालो की नाही.

आणखी एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा कारखान्यात नोकरीला छत्तीसगडात भिलाईला आले, तिथल्या मरोदा वस्तीत राहिले. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, रविवारी विहार, घरात बोलायची भाषा मराठी. मी त्यातच वाढलो. पण माझं आडनाव असं आहे की ते आमच्यातही असतं आणि इतरांतही. नोकरीला लागल्यावर कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणायचो, "महाराष्ट्रीयन हूँ." लोक पुढचं त्यांच्या मनानं धरून चालायचे. मी धरू द्यायचो. पहिल्या नोकरीत एकदा कळलं होतं, आणि माझ्यासोबत डबा खाणारे दोघे दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळ बसायला लागले. बोललं कोणीच काही नाही. हे कारण म्हणून सांगत नाहीये. असल्या गोष्टी सोसून ताठ राहिलेली माणसं माझ्याच घरात होती. मी मात्र नवीन घर घेतलं तेव्हा तसबिरी आतल्या खोलीत लावल्या आणि ऑफिसातल्या माणसांना पुढच्या खोलीतच बसवत आलो. बायकोनं एकदा विचारलं, "बाहेर कावून नाई लावत?" मी म्हणालो, बाहेर धूळ बसते.

तर — नवीन बस येणार होत्या. जुन्या ड्रायव्हरांपैकी टेस्टमध्ये पास होतील त्यांना नवीन बस मिळणार, बाकीच्यांचा करार संपणार. त्या दिवशी चौघांची टेस्ट होती आणि डेपोचे मॅनेजर स्वतः बघायला आले होते. शालिकभाऊ तिसरे.

मी त्यांना ओळखलंच नव्हतं. केस पिकलेले, युनिफॉर्मला कडक इस्त्री, खिशाला पेन. बसजवळ आले, मला नीट निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "जय भीम, भाऊ! तुमी मरोद्याच्या मास्तरचे पोरगे ना? मले ओळखलं नाई? मी शालिक!"

बाबांना विहारात सगळे मास्तर म्हणायचे. लहान मुलांना ते तिथे वाचायला शिकवायचे म्हणून. शालिकभाऊ तेव्हा तरुण होते, विहाराचं पत्र्याचं छप्पर त्यांनी आणि आणखी चारपाच जणांनी मिळून चढवलं होतं. मला खांद्यावर बसवून त्यांनी मिरवणूक दाखवली होती. हे सगळं मला तिथल्या तिथे आठवलं. आणि मॅनेजर माझ्या मागे दोन पावलांवर उभे होते.

मी म्हणालो, "नमस्ते. बैठिए, टाइम हो रहा है."

मॅनेजरनी सहज विचारलं, "पहचान वाले हैं?"

"नहीं सर."

शालिकभाऊंनी ते ऐकलं. त्यांचे हात क्षणभर तसेच जोडलेले राहिले. मग त्यांनी मान हलवली — समजल्यासारखी — आणि जाऊन स्टिअरिंगवर बसले.

पॉवर हाऊस चौकातून हथखोजच्या बाजूनं जामुल आणि परत, असा तो रस्ता. शिफ्ट सुटायची वेळ. सायकलवाले, मोटरसायकलवाले, सिमेंटचे ट्रक, मधेच बसलेल्या गाई. मी त्या रस्त्यावर किती जणांची टेस्ट घेतली असेल, पण तशी बस चालवताना मी फार कमी माणसं पाहिली आहेत. हॉर्न जवळजवळ नाहीच. गाय दिसली की लांबूनच वेग उतरवत आणायचा, म्हणजे ब्रेक लागल्याचं कळायचंसुद्धा नाही. बसमध्ये एक बाई उभी होती, दोन्ही हातांनी आपल्या मुलीच्या वेणीला रिबन बांधत होती. पूर्ण गाठ बांधून होईपर्यंत तिला एकदाही दांडा धरावा लागला नाही. तेवढ्यात आम्ही दोन थांबे घेतले होते.

मी गुण देत गेलो. खरे गुण. त्यांना नापास करायचं असं ठरवून मी बसलो नव्हतो, एवढं मला आठवतं. पण आधीच्या दोघांना मी पास केलं होतं, त्यातल्या एकानं दोनदा कचकचून ब्रेक मारले होते. आता याला एवढे गुण दिले तर? दोघांत काय नातं आहे असं कोणी म्हणालं तर?

जामुलच्या थांब्यावर माणसं उतरली, चढली. शालिकभाऊंनी दार लावलं, इंडिकेटर दिला, उजव्या आरशात पाहिलं. मागून एक मोटरसायकल येत होती, दुधाचे कॅन लावलेली. ती जाऊ दिली. पुन्हा आरशात पाहिलं आणि मग बस काढली. मी त्यांच्याकडेच बघत होतो. दोनदा पाहिलं त्यांनी.

परतीच्या रस्त्यावर मॅनेजर मागच्या सीटवरून पुढे वाकले. म्हणाले, "कैसा है आपका आदमी?"

आपका आदमी. आता बघा, टेस्ट मी घेत होतो, तेव्हा ड्रायव्हर माझाच. कोणीही असंच विचारेल. बहुतेक त्यांच्या मनात दुसरं काही नसावं. की होतं? मला आजही ठाऊक नाही. मला त्या वेळी दुसराच अर्थ ऐकू आला. मी म्हणालो, "ठीक है सर, पर एक मिस्टेक है."

चूक कोणती ते अजून मी ठरवलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग पेन खाली गेलं. गंभीर चुकीच्या रकान्यात मी लिहिलं — जामुल थांब्यावरून निघताना उजव्या आरशात पाहिलं नाही.

हीच ती गोष्ट. ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं.

नियम असा की निकाल ड्रायव्हरला दाखवून त्याची सही घ्यायची. डेपोत बस लागली. शालिकभाऊंनी फॉर्म हातात घेतला, वरचे गुण पाहून हसले, मग खाली आले. बराच वेळ वाचत राहिले. एक ओळ वाचायला किती वेळ लागतो?

"मी पाहिलं नाई?" त्यांनी विचारलं.

"नहीं देखा आपने," मी म्हणालो. हिंदीतच.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. मॅनेजर तिथेच होते, त्या दोघांसमोर कदाचित मी फुटलो असतो. पण ते मनाशी आठवून पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं — ते जामुलचा थांबा पुन्हा बघत होते, दार लावत होते, आणि आरशापाशी येऊन त्यांना स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली होती. शेवटी खिशाचं पेन काढून त्यांनी सही केली. "असन मंग," म्हणाले. "तुमी तर पाहूनच राहिले होते."

दोनेक आठवड्यांनी ते माझ्या ऑफिसात आले. हातात अर्ज होता, फेरतपासणीचा. मुलीनं हिंदीत लिहून दिलेला, स्वच्छ अक्षर. मी एकटाच होतो खोलीत. हे मुद्दाम सांगतोय. मॅनेजर नव्हते, कोणीच नव्हतं, दार लोटलेलं होतं.

"डोळे तपासून आलो," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनते, डोळे चांगले हायेत. म्हंजे माह्यं ध्यानच नसन त्या टायमाले. एवढी वर्सं गाडी चालवली, आन् ध्यान नसन... पोरगी आयकत नाई. म्हने, बाबा, अर्ज टाकाच. तुमचा काय विचार?"

मी अर्ज वाचला. त्यावर माझा शेरा लागणार होता. दोन शब्द लिहायचे होते, फेरटेस्ट घ्यावी. तेवढ्यानं काम झालं असतं. माझी चूक कबूलही करावी लागली नसती. मग का नाही लिहिले? त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की फेरटेस्ट झाली, ते पूर्ण गुणांनी पास झाले, तर पहिल्या टेस्टबद्दल प्रश्न निघतील. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. खरं म्हणजे त्या माणसानं डेपोत पुन्हा यावं हेच मला नको होतं. रोज भेटतील, रोज जय भीम म्हणतील, सगळ्यांसमोर म्हणतील — मला तेच नको होतं.

मी म्हणालो, "अर्ज वर जाईल. पण फॉर्मवर तुमची सही आहे ना." टेस्टपासून पहिल्यांदाच मराठीत बोललो त्यांच्याशी. त्यांना परत पाठवायच्या कामासाठी वापरली मी मराठी.

त्यांनी मग अर्ज माझ्या हातातून हळूच घेतला, चार घड्या घातल्या. "जाऊ द्या. तुमाले उगाच अडचन," म्हणाले. जाताना बाबांची तब्येत विचारली.

नवीन बस आल्या. शालिकभाऊंना मिळाली नाही. नंतर कानावर आलं की हथखोजच्या एका कारखान्यात ते छोटा हत्ती टेम्पो चालवतात, लोखंडी पट्ट्या वाहून नेतात. मुलगी दुर्गला कॉलेजात होती, तिनं शिकणं सोडून एका दुकानात काम धरलं, असंही ऐकलं. ते कशामुळे, ते मी विचारायला गेलो नाही. बाबांच्या अंत्यविधीला ते आले होते. मागे उभे होते, खांदा दिला, आणि मी काही बोलायच्या आत निघून गेले. मी काही बोललो असतो का? नाही.

या हिवाळ्यात कामासाठी हथखोजला गेलो होतो. चहाच्या टपरीवर थांबलो तर बाकावर ते बसलेले, आणखी तीन-चार गाडीवाल्यांसोबत. आता चष्मा लागला आहे. मला बघून उठले, हात धरून बसवलं, टपरीवाल्याला चहा सांगितला. मग बाकीच्यांकडे वळून माझी ओळख करून दिली. त्यांना सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत.

"ये हमारे मास्टरजी के लड़के हैं. बस की टेस्ट लेते हैं. इनके जैसा ईमानदार आदमी नहीं देखा मैंने. मैं इनके घर का आदमी, बचपन में गोद में खिलाया इनको. पर गलती हुई तो मेरेको भी फेल किया. अपना-पराया कुछ नहीं देखा."

गाडीवाले माझ्याकडे आदरानं बघायला लागले. एकानं सरकून जागा करून दिली. शालिकभाऊ माझ्याकडे वळले आणि मराठीत हळूच म्हणाले, "तेवा वाईट वाटलं होतं, खोटं नाई सांगत. पन मंग इचार केला, मास्तरचं पोरगं हाय. असंच पायजे."

चहा आला. मी घेतला. तुम्ही आरशात पाहिलं होतं, असं मी त्यांना म्हणालो नाही. सगळा चहा संपवला, त्यांनी मला पैसे देऊ दिले नाहीत, आणि मी मोटरसायकल काढून निघालो.