पांढरी पूड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि मुलीला तर नाहीच. आज का सांगतोय — तेही मला धड सांगता येणार नाही.

कळंब्याच्या रस्त्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आठवडाभर तांब्याच्या तारा गुंडाळायच्या आणि रविवारी पहाटे गळ घेऊन तळ्यावर जायचं, हा माझा नाद. तळं कागलच्या बाजूला आहे, नाव नको. चिलापी मिळते, मरळ मिळते, एखाद्या दिवशी कटला. हा नाद मला लावला दत्तूअण्णांनी. अण्णा आमच्या गल्लीतले, साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. गळाला गांडूळ कसं ओवायचं, मरळीनं ओढ दिली की लगेच झटका न मारता तिला जरा लांब कसं जाऊ द्यायचं — सगळं त्यांनीच शिकवलं. मोठ्या भावासारखे होते मला.

मग त्यांच्यावर एवढा राग का?

माझ्या पूजाला लहानपणापासून फिट येत. गोळ्या चालू होत्या, चार-चार वर्षं काही होत नसे. तिला बघायला निपाणीकडची माणसं आली, तेव्हा मी ते सांगितलं नव्हतं. पोहे चालू असताना मुलाचा मामा पान खायला बाहेर पडला आणि गल्लीच्या तोंडाशी त्याला अण्णा भेटले. त्यानं विचारलं, मुलगी कशी आहे. अण्णा सरळ माणूस. म्हणाले, "पोरगी गुणाची हाय पावणं. फिट येत्यात, पर गोळ्यांनी आटोक्यात हायत."

पाहुणे ताटल्या तशाच ठेवून उठले. पूजा आत साडी नेसून बसली होती.

संध्याकाळी अण्णा स्वतःच घरी आले. "मला वाटलं, तू सांगितलं असशील," म्हणाले. मी म्हणालो, असू दे अण्णा. चहा पाजला त्यांना. आणि त्याच घडीला मनात ठरवलं — ह्या माणसाला मी चारचौघांत मान खाली घालायला लावणार.

दोन वर्षं थांबलो. तुम्हाला खरं वाटेल का? दोन वर्षं दर रविवारी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली. त्यांच्या गळाला मरळ लागली की ती काठावर तडफडायची, अण्णा हसायचे, आणि मी त्या माशाकडे बघत मनात म्हणायचो — असंच. पूजाला दुसरं स्थळ येईना. बातमी पसरली होती. एकेक रविवार गेला तसा माझा राग मुरत गेला. खोटं कशाला बोलू, मला त्या रागाची सोबत वाटायची.

मग एका उन्हाळ्यात तळ्यातले मासे मेले. पांढरी पोटं वर करून काठाला लागले. पाणी फार खाली गेलं की असं होतं, हेही मला अण्णांनीच कधी तरी सांगितलेलं. पण तळ्याचा ठेकेदार पेटला होता. कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्याच आठवड्यात तो पंपाची मोटर घेऊन माझ्या दुकानात आला. "तुमी तिथं बसताय," म्हणाला, "कुणावर संशय?"

अण्णा गळ टाकायच्या आधी शेंगपेंडेचा भुगा पाण्यात टाकायचे, मासे जवळ यावेत म्हणून. तपकिरी पूड. सगळेच टाकतात, मीही टाकतो.

मी म्हणालो, "मी काय सांगू? अण्णा तेवढं दरवेळी पांढरी पूड टाकत्यात बघा."

एवढंच. एकच शब्द बदलला मी — पांढरी. हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ठेकेदाराच्या माणसांनी अण्णांच्या गळाच्या काठ्या बांधावर मोडल्या. पेंडेची पिशवी पाण्यात भिरकावली. सत्तरीचा माणूस, त्याची गचांडी धरून त्याला रस्त्याला आणून सोडलं. मी वीस पावलांवर होतो. उठलो नाही. आणि मला काय वाटलं? बरं वाटलं. पूजा आत साडी नेसून बसली होती ना, तेव्हा जितकं वाईट वाटलं — तितकंच बरं वाटलं.

दोन दिवसांनी अण्णा घरी आले. "तू शेजारी असतोस की दर रविवारी. चल माझ्यासंगं, पेंड असती म्हणून सांग तेवढं."

गेलो मी. ठेकेदारासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं ध्यान गळाकडं असतंय. अण्णा काय टाकत्यात, ते मी काय बघितलं न्हाय." ठेकेदार माझ्याकडे बघून किंचित हसला. अण्णांनी ते हसू पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. परत येताना गाडीवर माझ्या खांद्याला धरून बसायचे, त्या दिवशी मागच्या दांडीला धरून बसले.

गल्लीनं त्यांना 'पावडरअण्णा' नाव पाडलं. ते पुन्हा कुठल्याच पाण्यावर गेले नाहीत.

पूजानं पुढं स्वतःच लग्न जमवलं, ऑफिसातल्या मुलाशी. पहिल्याच दिवशी त्याला सगळं सांगून टाकलं होतं तिनं. एकदा माहेरी आली तेव्हा म्हणाली, "अण्णाकाकांनी तेव्हा सांगितलं ते बरंच झालं, पप्पा. लपवून दिलं असतं, तर त्या घरात मी गोळ्या कुठं ठेवल्या असत्या?"

तेव्हा अण्णा होते. दहा घरं सोडून राहत होते, रोज कट्ट्यावर एकटेच बसलेले दिसत. जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी रस्ता बदलून दुकानाला जायला लागलो.

गेल्या थंडीत अण्णा गेले. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून सगळे घरी परतले, पै-पाहुणे अंगणात बसले होते. मला दारात बघून अण्णांच्या बायको, काकी, उठल्या. सगळ्यांना म्हणाल्या, "अख्ख्या गल्लीत ह्यो एकटाच ह्यांच्या बाजूनं ठेकेदाराकडं गेलता. हे मला कायम सांगायचे."

पाहुण्यांनी सरकून मला जागा केली. मी बसलो.