इस्त्रीबाईंचा डावा हात

…तर कोट जळला. डॉक्टरांचा पांढराशुभ्र कोट, आणि पाठीवर मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग, कुणी शिक्का मारावा तसा. आणि हा पराक्रम कुणाचा, तर तीस वर्षांत ज्यांच्या हातून साध्या रुमालाची कडसुद्धा करपली नाही, त्या इस्त्रीबाईंचा. काल आपण इथवर आलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घ्यायला हवं, नाहीतर बाई वेंधळ्या होत्या असा उगाच कुणाचा तरी समज व्हायचा.

इस्पितळाच्या तळघरात लॉन्ड्री. खिडक्या इतक्या वर की बाहेरून जाणाऱ्यांचे नुसते बूट दिसायचे, आणि बाई बुटांवरून माणूस ओळखायच्या. तीस वर्षं इस्त्री उजव्या हातात. तो दंड असा भरला होता की शिंपी उजवी बाही अर्धा इंच सैल धरायचा. डाव्या हाताला काम काय, तर कापड पसरायचं. बाकी वेळ तो जावयासारखा आरामात असायचा.

आता या इस्पितळात दरवर्षी बायकांचा बास्केटबॉलचा सामना व्हायचा. लॉन्ड्री विरुद्ध स्वयंपाकघर. बॉयलरखान्यामागचं सिमेंटचं अंगण, भिंतीला ठोकलेली रिंग. बाई पहिल्या वर्षापासून खेळत आल्या होत्या, पण खेळायच्या फक्त उजव्या हाताने. चेंडूचे टप्पे मारत पुढे जायचं ते उजवीकडूनच. हे एव्हाना पोस्टमनलाही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी शेवटच्या मिनिटाला लॉन्ड्री एका गुणाने मागे, आणि चेंडू बाईंकडे. समोर ‘सुरी’. स्वयंपाकघरात भाज्या चिरायची, अंगानेही तशीच पातळ आणि धारदार. ती बाईंच्या उजव्या खांद्याला चिकटून उभी राहिली आणि डावीकडे एवढी जागा सोडली की गाडी वळली असती. बाईंनी चेंडू डाव्या हातात घेतला, तो त्यांच्याच अंगठ्यावर आपटला आणि घरंगळत थेट स्वयंपाकघराच्या ताब्यात. तेव्हापासून बोळात बाईंची कपड्यांची गाडी दिसली की सुरी उजव्या भिंतीला चिकटायची आणि गोड आवाजात म्हणायची, “जा की बाई, डावीकडे वाट मोकळी आहे.”

यंदा बाईंचं नोकरीतलं शेवटचं वर्ष, म्हणजे सामनाही शेवटचा. आणि संघाची कप्तान कोण? त्यांची धाकटी जाऊ. बाईंनीच तिला लॉन्ड्रीत चिकटवून दिली होती. घरात ती मोठ्या जाऊबाईंना विचारल्याशिवाय चहासुद्धा टाकत नसे. पण त्या दिवशी ओल्या कपड्यांच्या ढिगामागे उभं राहून तिने सांगून टाकलं.

“जाऊबाई, राग मानू नका. डावा हात येत नसेल, तर यंदा तुम्ही बाकावर बसा.”

 बाईंनी घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बस की, गुडघे दुवा देतील. त्या दिवशी त्याला चहा डाव्या हाताने मिळाला. निम्मा कपात, निम्मा बशीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उजवा हात एप्रनच्या नाडीने पाठीमागे बांधला आणि डाव्याने इस्त्री धरली. तोच तो कोट. डॉक्टर भले, थंडीचे दिवस होते, वरून स्वेटर घालून त्यांनी आठवडा काढला. पण जाऊने नाडी सोडताना एक गोष्ट बोलून दाखवली, की तुम्ही सारखं हाताकडे बघता. उजव्याने इस्त्री करताना कधी बघता का? बाई विचारात पडल्या. खरंच, तेव्हा नजर कापडावर असते.

लॉन्ड्रीत चादरीची घडी दोघींनी घालायची. समोरासमोर उभं राहायचं, आपापल्या टोकाचे कोपरे जुळवायचे, मग एकीने चालत जाऊन ते दुसरीच्या हातात द्यायचे. आणि नियम असा, की धुतलेली चादर जमिनीला लागली तर जिच्या हातून पडली तिनेच ती पुन्हा धुवायची. बाईंनी कोपरे उजव्या चिमटीत हनुवटीपाशी धरले, डाव्या हातात चेंडू घेतला आणि टप्पे मारत जाऊकडे निघाल्या. चादर सांभाळायची म्हणजे चेंडूकडे बघायची सोयच नाही.

पहिल्या दिवशी सतरा चादरी पुन्हा धुतल्या. चेंडू कधी साबणाच्या बादलीत, कधी यंत्राखाली. जाऊ सांगायची, तळवा लावू नका, बोटांनी ढकला, गुडघ्याच्या वर उडू देऊ नका. वरच्या वॉर्डातली नर्स येऊन विचारून गेली की खाली काय ठोकताय. असे दोन महिने गेले. मग एकदा जाऊ सासूबाईंची नक्कल करत होती, बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या, आणि ढीग संपल्यावर दोघींच्या लक्षात आलं, की चाळीस चादरींत चेंडू एकदाही सुटला नव्हता.

तरी सामन्यात जाऊने त्यांना बाकावरच बसवलं. तळघरातलं वेगळं, अंगणातलं वेगळं, असं तिचं म्हणणं. बाई बसून राहिल्या, पण डावा हात बाकाखाली नसलेल्या चेंडूचे टप्पे मारत होता. शेवटचं मिनिट आलं. लॉन्ड्री पुन्हा एका गुणाने मागे. जाऊने बाकाकडे पाहिलं, तो हात पाहिला, आणि म्हणाली, “उठा, जाऊबाई.”

सुरी हसतच उजव्या खांद्याला येऊन चिकटली. बाईंनी चेंडू डाव्या हातात घेतला. नजर रिंगेखाली उभ्या जाऊच्या तोंडावर. पाय निघाले, टप्पे पडू लागले, आणि उजवा हात सवयीने वर गेला, हनुवटीपाशी, चिमूट आवळून. सुरीला वाटलं, बाई वरून कुणाकडे तरी चेंडू फेकणार. तिने दोन्ही हात वर करून उडी मारली. ती हवेत असतानाच बाई डावीकडून निघून गेल्या, सरळ जाऊपर्यंत, आणि कोपरे द्यावेत तसा चेंडू तिच्या हातात दिला. जाऊने तो रिंगेत टाकला. लॉन्ड्री एका गुणाने पुढे, आणि शिट्टी वाजली.

जाऊ त्यांच्या गळ्यात पडून रडत होती. सुरी कमरेवर हात ठेवून धापा टाकत आली. हरल्याचं तिला तेवढं नव्हतं, फसल्याचं होतं. तिने विचारलं, “बाई, ती उजव्या हाताची चलाखी तुम्हाला कुणी शिकवली?”

बाईंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. चिमूट अजून आवळलेलीच होती.

“शिकवतंय कोण? अगं, हातात चादर होती माझ्या. सोडली असती तर जमिनीला लागली असती, आणि मलाच पुन्हा धुवावी लागली असती.”