पाच सीड्या आणि भरतअण्णाचा डावा कान

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही हो. साठीला टेकलेली चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसवा, त्यांना एकच गाणं बावीस वेळा ऐकवा आणि मधेच उठून जायची बंदी घाला. किस्से आपोआप साचतात, गुडघ्यात पाणी साचतं तसे! माझं दोन्ही साचलंय. गुडघ्याचं डॉक्टर बघेल, किस्से तेवढे मी सांगून टाकतो.

आधी माणसं सांगतो. भरतअण्णा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर होता, ओतकामाचे वाळूचे साचे करायचा. तीस वर्षं. राहायला तिथंच वडगावात. सत्याप्पा खानापूरकडचा, सकाळी शेतात आणि दहा वाजता बेळगावात सरकारी ऑफिसात. जिनाप्पाचं बोरगावात पंपांचं दुकान. आणि मी दत्ता, निपाणीच्या एका शाळेतला क्लार्क. कॉलेजात असताना आम्ही चौघं निपाणीत एका खोलीत राहायचो. त्या खोलीत एक टेपरेकॉर्डर होता आणि एकच कॅसेट. इंग्लिश, रॉक अँड रोलची. अल्बमचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही त्यावर वाद घालत बसणार आणि माझी बस जाणार.

दिवाळीत अण्णाच्या पोरीनं पुण्याहून एक खोका पाठवला. तोच अल्बम, कंपनीनं नव्यानं काढलेला. आत पाच सीड्या. एकीवर गाणी, उरलेल्या चारींवर आउटटेक. म्हणजे स्टुडिओत फसलेला सगळा माल. गाणं सुरू केलं, अडकलं, कुणी खोकलं, कुणी शिवी दिली, परत सुरू केलं. आणि त्याच महिन्यात कानाच्या डॉक्टरनं अण्णाला सांगितलं, उजवा कान गेलाय, डावा जायला लागलाय. मोल्डिंगच्या मशिनीपाशी तीस वर्षं उभं राहिल्याचं बक्षीस! डावा किती दिवस टिकेल ते डॉक्टरलाही सांगता येईना.

अण्णानं आम्हा तिघांना फोन केला. "पाच सीड्या हायत. कान हाय तवर समद्या ऐकायच्या. एकट्यानं न्हाय, चौघांनी. रविवारी या." आमचं उत्तर न ऐकताच फोन ठेवला. आता ह्याला नाही कोण म्हणणार?

* * *

पहिल्या रविवारी पहिली सीडी लावली आणि दोन मिनिटांत सत्याप्पा उठून उभा राहिला.

"बंद कर, बंद कर! ह्येंनी गाणं पळवलंय!"

खरंच की. आमच्या डोक्यातलं गाणं निवांत चालायचं. हे मागं कुत्रं लागल्यासारखं पळत होतं. गाणाऱ्याचा आवाजही बारीक. अण्णा म्हणाला, नव्यानं काढताना कंपनीनं बिघडवलं असणार. सत्याप्पा तर मला तक्रारीचं पत्र लिहायला सांगू लागला. "तू क्लार्क हाईस न्हवं? लिव्ह. ओरिजनल आमी ऐकलंया, आमाला शिकवू नका म्हणावं."

मी कागदही मागितला, खोटं कशाला बोलू. जिनाप्पा मात्र कपाळाला हात लावून बसला होता. तो म्हणाला, "दत्ता, पत्र नगं लिवू. तवा निपाणीला व्होल्टेज नव्हतं रं!"

आमचा टेपरेकॉर्डर कमी व्होल्टेजवर कण्हत चालायचा. चार वर्षं ऐकलं ते गाणं कुणी तसं म्हटलेलंच नव्हतं. आणि त्याच चालीवर आम्ही गॅदरिंगला नाचलो होतो!

* * *

दुसऱ्या सीडीपासून आउटटेक सुरू झाले, दर सीडीवर एकाच गाण्याचे. तुम्ही कधी ऐकलेत? ऐकू नका. प्रत्येक टेकच्या आधी काचेपलीकडचा साहेब दमलेल्या आवाजात आकडा सांगतो. टेक थ्री. ड्रम वाजतो, गिटार येते, दोन ओळी होतात, थांबतं. टेक फोर. ड्रम वाजतो, गिटार येते, दोन ओळी होतात, थांबतं. जिनाप्पा मांडी बदलत म्हणतो, "साकु रं, साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. पण साहेब टेक फाइव्ह म्हणतो.

अण्णा मात्र डोळे मिटून, डावा कान स्पीकरकडं करून बसायचा आणि मधेच बोट वर करायचा. "आता फुटणार बघ." की लगेच गाणं फुटायचं! आम्ही म्हटलं, अरे तुला आधी कसं कळतं?

"साच्यात वाळू नीट बसली नसली तर ओततानाच कळतंय. कडनं आवाज येतोय." मग खोका हातात घेऊन त्यानं तो उलटासुलटा बघितला. "पर ह्या लोकांची कमाल हाय. आमच्यात रिजेक्ट माल परत भट्टीत जातोय. ह्येंनी रिजेक्ट माल पॅकिंग करून इकलाय!"

* * *

शोभावैनी म्हणजे अण्णाची बायको. एका रविवारी आम्ही टेक अकरावर होतो. आधीचे सगळे टेक फसले होते. अकरावा मात्र चालला. दुसरं कडवं झालं, तिसरं सुरू झालं. आम्ही चौघं पुढं सरकून बसलो. सत्याप्पानं तर माझा हात धरला होता. आता होणार, आता गाणं पुरं होणार...

वैनी पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी पटकन बटण बंद केलं.

"मगापासनं तिथंच अडकलंय. तुमच्यातल्या एकालाबी उठवेना व्हय?"

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की वैनी, हे असंच असतं, पुन्हा पुन्हा म्हणतात, त्यातला चांगला निवडतात. खोक्यातलं पुस्तकही वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, पुढं बावीस टेक झाले आणि अल्बमवर घेतला तो ह्या सीडीवर नसलेला दुसरा.

"दुसरा?" जिनाप्पा ओरडला. "मग आमी हितं कशाला मरतोय?"

वैनी आत जाताना म्हणाल्या, "भाऊजी, बाप्यांचं समदीकडं सारखंच की. काम झालं तरी उठत न्हाईत."

* * *

सत्याप्पाला दुपारी जेवल्यावर झोप लागते. तिसऱ्या सीडीच्या वेळी तो टेक चारला घोरायला लागला आणि टेक नऊला दचकून जागा झाला.

"काय झालं?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "अजून सुरूच करत्यात."

तर त्यानं हळूच रिमोट घेतला आणि दाबला. माझ्याकडं बघून डोळा मारला. मी पुस्तकात डोकं घातलं. अण्णाला का सांगू? निपाणीहून बेळगावला येताना बसायला जागा मिळते, जाताना उशीर झाला की उभं राहावं लागतं. मलाही लई कंटाळा आलता. मित्राचा कान जातोय आणि आपल्याला कंटाळा येतोय, ह्याची लाज वाटते, पण कंटाळा काही जात नाही. जिनाप्पाचं तर निराळंच. तो जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस. "तुमच्या ड्रमरला घाई न्हाय," तो म्हणायचा, "पर सूर्याला हाय की!"

रिमोट दाबल्यावर साहेब म्हणाला, टेक ट्वेल्व्ह. अण्णानं डोळे उघडले.

"धा आनि अकरा कुठं गेलं?"

सत्याप्पानं रिमोट माझ्या मांडीखाली सरकवला होता, तो अण्णानं तिथनंच काढला. मला म्हणाला, "दत्ता, तुझ्याकडनं ही अपेक्षा नव्हती." अजून मला ते लागून राहिलंय. आणि सत्याप्पा मान हलवत म्हणतोय, "व्हय रं दत्ता, असं करू ने!"

* * *

मग अण्णाच्या पोरीनं कानातलं मशीन घेऊन दिलं. त्या रविवारी टेक सहाला गाण्यात एक शिट्टी आली. बारीक, लांबलचक. सत्याप्पा खूश!

"आई शप्पथ, ही शिट्टी मागच्या टेकात नव्हती! लई भारी वाजवलीया."

जिनाप्पाचं म्हणणं ती शिट्टी नव्हे, बासरी. दोघांचं जुंपलं. मी पुस्तकात शिट्टीवाल्याचं नाव शोधायला लागलो. तेवढ्यात वैनी चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि अण्णाच्या कानातलं मशीन बोटानं आत दाबलं. शिट्टी बंद.

"नीट बसलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

आम्ही हसलो. अण्णाही हसला. मग म्हणाला, "मला कुठली शिट्टी ऐकूच आली न्हाय रं." मग मात्र कुणी हसलं नाही. त्यानं मशीन काढून डबीत ठेवलं. त्यातनं सगळं पत्र्यावर वाजल्यागत येतंय म्हणाला, आणि परत घातलं नाही.

निघताना गेटपाशी सत्याप्पा थांबला. "मशीनची असू दे. पर सुरात होती की नव्हती?"

* * *

चौथ्या सीडीला आवाजाचा आकडा वाढत चालला. दिवाळीत नऊवर ऐकत होतो, आता सव्वीस. खिडकीच्या काचा वाजायच्या. जिनाप्पानं खिशातनं कापूस आणला आणि अण्णाला दिसणार नाही असा कानात घातला. मलाही दिला.

अण्णाच्या भिंतीला लागून एकाचे माग आहेत. आठ पॉवरलूम. सकाळी सुरू होतात ते रात्रीपर्यंत खडखडत असतात. त्या घरात बोलायचं तर हातवारे करावे लागतात. तर एका रविवारी तो मागवाला स्वतः दारात आला. घामानं भिजलेला, बनियनला कापसाचे तंतू चिकटलेले. हात जोडून म्हणाला,

"अण्णा, राग मानू नका. आवाज लई हुतोय!"

आठ माग चालवणारा माणूस! सत्याप्पा हसता हसता गादीवर आडवा झाला. अण्णा कधी त्याच्याकडं, कधी आमच्याकडं बघत होता.

"काय म्हणतोय त्यो?"

"काय न्हाय," जिनाप्पा त्याच्या समोर जाऊन म्हणाला. "गाणं चांगलं हाय म्हणतोय."

"तर! बसा की मग," म्हणून अण्णानं त्याला बसवून घेतलं. मागवाल्यानं बिचाऱ्यानं तीन टेक ऐकले.

* * *

पाचवी सीडी लावली तेव्हा उन्हाळा लागला होता. ही शेवटची. अण्णाला ऐकू येतंय का, असं विचारायचं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. वैनी त्याच्याशी बोलायला समोर यायच्या आणि आधी हाताला हात लावायच्या. तो स्पीकरला टेकून बसायचा, एक तळवा त्यावर ठेवलेला, डोळे मिटलेले, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरायची. ठेका बरोबर असायचा. तेवढ्यावर आम्ही समाधान मानत होतो.

टेक चौदा सुरू झाला. ड्रम वाजला, गिटार आली, दोन ओळी झाल्या आणि करंट गेला.

प्लेअरचा लाल दिवा विझला. वरचा पंखा फिरत फिरत थांबला. बाहेर गल्लीतले माग गप झाले. वडगावात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

अण्णाची बोटं चालूच होती.

म्हणजे डावाही गेला. कधी गेला? आज? गेल्या महिन्यात? मग इतके रविवार हा माणूस काय ऐकत बसला होता, आणि आम्ही कुणासाठी? जिनाप्पानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्याचा गुडघा दाबला. वैनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या, त्यांनी प्लेअरकडं बघितलं, अण्णाकडं बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. त्या तिथंच उभ्या राहिल्या, पदराचा बोळा तोंडात धरून.

मग सत्याप्पानं पायानं ठेका धरला. त्याच्या मागनं जिनाप्पानं. मग मी. चार म्हातारे त्या बंद खोलीत मांड्या बडवत बसलो होतो, आणि खरं सांगतो, मला रडू यायला लागलं होतं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. जिथं ते लोक दरवेळी घसरायचे ती तिसऱ्या कडव्याची जागा आली. अण्णाची बोटं तिथनं सरळ पुढं गेली. मग शेवट. मांडीवर दोन जोराच्या थापा मारून अण्णा थांबला. आम्हीही थांबलो.

त्यानं डोळे उघडले. आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघितलं.

"ह्यो टेक पुरा झाला," तो म्हणाला. "कुठं फुटला न्हाय."

"व्हय अण्णा," सत्याप्पा त्याच्या समोर जाऊन मोठ्यानं म्हणाला. "एक लंबर झाला!"

अण्णानं गप पडलेल्या स्पीकरवरचा हात काढला, पाय लांब केले आणि म्हणाला,

"करंट आला की फुडचा लावा."