द्रौपदीबाईंच्या कानातली कमान

द्रौपदी वाघमारे गोवंडीहून रोज अंधेरीच्या एमआयडीसीत कामाला जात. स्टीलच्या डब्यांची झाकणं तपासायचं काम, एकवीस वर्षं झालेली.

दोन वर्षांपूर्वी शेजारचं पंचिंग मशीन धडाडलं की समोरची भिंत सरकतेय असं त्यांना वाटायला लागलं. घरी कुकरची शिट्टी झाली तरी तेच. एकदा त्यांनी नवऱ्याला, भाऊरावांना, आणखी एक सांगितलं. खोली शांत असली आणि डोळे फिरवले, की ते फिरल्याचा आवाज ऐकू येतो. भाऊराव हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. बाईंना त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली.

एका डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. डोळ्यांच्या आवाजाबद्दल बोलणं बाईंनी सोडूनच दिलं.

कारखान्यात चक्कर येऊन त्या पडल्या, तेव्हा मुलगी चेतना आईवडिलांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर जान्हवी सावंत यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "डोळे हलवल्याचा आवाज येतो का?"

बाईंनी उलट विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

कान तपासून झाले, मग कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी त्याचं त्रिमितीय चित्र स्क्रीनवर सावकाश फिरवून दाखवलं. आतल्या कानात तीन बारीक कमानी, तोल सांभाळणाऱ्या. वरच्या कमानीवर एका ठिकाणी हाडच नव्हतं, फट होती. डॉक्टर म्हणाल्या, मोठा आवाज आला की त्या फटीमुळे कमानीतलं पाणी हलतं आणि मेंदूला वाटतं, आपणच हललो. शरीरातले बारीक आवाजही त्याच फटीमुळे कानात मोठे होऊन येतात, डोळे फिरल्याचासुद्धा.

बाईंनी चित्र पुन्हा फिरवायला लावलं. मग भाऊरावांना म्हणाल्या, "बघा. मनाचे खेळ नव्हते."

"मी कधी तसं म्हटलं?"

"म्हटलं नाहीत. विचारलंही नाहीत."

भाऊरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला सांगितलं.

ऑपरेशन करता येतं, पण ऐकू कमी येण्याचा धोका असतो. बाईंनी तूर्त नको म्हटलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांना मशीनपासून लांब, पॅकिंगला बसवलं. तिथल्या बायका गप्पिष्ट निघाल्या. चक्कर आता क्वचितच येते. ऑपरेशनचं पुढच्या वर्षी बघू, असं त्यांनी डॉक्टरांना कळवलंय.