बारडोलीला सायकल बघायला गेलो तेव्हा

त्या हिवाळ्यात मी कामाच्या मधे मधे सारखी फोन उघडून जुन्या सायकली बघत असायचे. आमचं घर भेस्तानला. मी घरीच कॉम्प्युटरवर साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं बनवते. मशिनची सुई कुठून निघून कुठे जाईल ती वाट टाक्याटाक्याने आखून द्यायची. सकाळी नऊला बसले की जेवायलाच उठायचं. मुलगी शिकायला बडोद्याला गेली तेव्हापासून तर घरात उठायला दुसरं कारणच उरलं नव्हतं. बसल्या जागी पाय हलत राहायचे.

एकदा उधना रोडवर रसाच्या गाडीपाशी एक जोडपं दिसलं. दोघांच्या सायकलींना मागे दोन्ही बाजूंनी बॅगा लावलेल्या. बाई माझ्याच वयाची, पंचेचाळिशीची. डांगातून निघून दांडीला चालले होते.

"एवढं ओझं घेऊन चढ कसा चढता?" मी विचारलं.

"हलका गिअर टाकायचा. वेळ लागतो, पण चढतो," ती म्हणाली आणि उरलेला रस पिऊन निघाली.

घरी येऊन मी शोधायलाच बसले. लांबच्या प्रवासाची नवी टूरिंग सायकल परवडणारी नव्हती. जुन्यांत 'टूरिंग' म्हणून टाकलेली सायकल बहुतेक वेळा जाड टायरची, कॉलेजच्या पोरांची निघायची. खरी एखादी सापडलीच तर ती उंच माणसाची. मी जेमतेम पाच फूट. अडाजणला एक बघायला गेले, तर मधला दांडा पायांमधे घेऊन नीट उभंही राहता येईना. विकणारा म्हणाला, "मॅडम, सीट खाली करून देतो." सीट खाली केली तरी दांडा तिथेच राहतो, हे त्याला सांगत बसले नाही.

"पण तुले जानं कोठे शे?" नवरा विचारायचा. तो लूमचा मेकॅनिक आहे. घरी आम्ही दोघं अहिराणीतच बोलतो. कुठे जायचं ते ठरलेलं असतं तर बसने गेले असते.

जानेवारीत बारडोलीची जाहिरात दिसली. 'जुनी रेसिंग सायकल, चालू हालतमां.' फोटो अंधुक होता. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. पुढच्या चाकाशीही कॅरिअर बसवायची भोकं होती. मागचं चाक सीटपासून जरा लांब होतं, बॅगेला टाच लागू नये इतकं. ती रेसिंग नव्हतीच, टूरिंग होती. आणि सांगाडा चांगलाच लहान होता. मी मेसेज टाकला. चार तासांनी उत्तर आलं: रविवारी सकाळी नऊनंतर या, अकराच्या आत या.

रविवारी मोटरसायकलवर निघालो. नवऱ्याने पाने आणि टॉर्च सोबत घेतली होती. लोखंडाला कुठे बारीक चीर गेली असली तर त्याला ती बोटाला कळते. कडोदऱ्यापुढे उसाच्या ट्रकांनी रस्ता अडला होता आणि मी मागे बसून चुळबुळत होते. आपल्याआधी कोणी पोचलं तर?

दार एका पासष्टीच्या मासींनी उघडलं. मला पाहून त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. "आवो बेन, बेसो. सायकल आत्ता येईल."

"येईल म्हणजे?"

"ह्यांच्याकडेच आहे. रोज साडेआठला फिरून येतात, मग अकरापर्यंत मंदिरात असतात. आज उशीर झाला."

त्यांनी चहा केला. कप हातात देताना खाली मान घालून म्हणाल्या, "जाहिरात मी टाकलीय. त्यांना माहीत नाही."

दोन महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यावर पडले होते. तासभर उसाच्या कडेला पडून होते. एका ट्रकवाल्याने उचलून आणलं. "हाड मोडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तो तासभर मी इथे रोटल्या करत होते. मला काहीच माहीत नव्हतं. फोन न्या म्हटलं तर म्हणतात, तो वाजतो."

माझा नवरा तोवर फाटकाचं बिजागर बघत उभा होता. तो येऊन खाली बसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

यजमान, म्हणजे काका, सव्वादहाला आले. सत्तरी ओलांडलेले, माझ्याएवढेच बुटके, कानटोपी घातलेले. मासींनी आडपडदा ठेवला नाही. "हे सायकल घ्यायला आलेत," त्या म्हणाल्या. काकांनी सायकल स्टँडवर लावली, टोपी काढली, घाम पुसला. मला विचारलं, "कोण चालवणार?"

"मी."

"किती लांब?"

"अजून माहीत नाही."

"बसून बघा."

मी बसले आणि हात जिथे पोचायला हवे तिथे पोचले. कोपऱ्यापर्यंत जाऊन येते म्हणून निघाले, पण कोपऱ्यापुढे नहर लागला. पाण्याच्या कडेने सरळ रस्ता, हवेत साखर कारखान्याचा उग्र गोड वास. पुलापाशी वळू म्हटलं आणि पूल मागे टाकला. दुसरा पूल आला. तिथेही पाय थांबेनात.

परतले तेव्हा तिघं फाटकात उभी होती. अर्धा तास झाला होता.

"कोठे व्हती तू?" नवरा एवढंच म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आवडली?" काकांनी विचारलं.

"हो."

"मलाही आवडते."

मासी माझ्याकडे बघत होत्या. मी नुसतं 'घेते' म्हटलं असतं तर त्यांनी काकांना मनवलं असतं, हे मला दिसत होतं. मला ती सायकल हवी होती, फार हवी होती. आणि मी म्हणाले, "काका, तुमची मर्जी असेल तरच."

"मग आज नाही," काका म्हणाले.

मासी आत गेल्या. त्यांची बाजू घेणारं कोणीतरी त्या दिवशी घरी आलं होतं, आणि त्या माणसाने बाजू बदलली होती. मला तिथून कधी एकदा निघते असं झालं.

नवरा मात्र आपल्या मोटरसायकलपाशी गेला. हँडलवरचा मोबाइलचा स्टँड त्याने पान्याने सोडवला आणि काकांच्या सायकलवर बसवायला लागला. नळी बारीक होती म्हणून खाली रबराची पट्टी गुंडाळली. काका बघत राहिले, त्यांनी अडवलं नाही.

"फोन इथे राहील," नवरा म्हणाला. "वाजला की थांबायचं. उचलायचा. मग पुढे जायचं."

काकांनी स्टँड दाबून पाहिला. "घट्ट आहे," म्हणाले. मासी दारात येऊन उभ्या होत्या. निघताना त्यांनी माझ्या हातात गुळाची ढेप दिली, पण बोलल्या फक्त माझ्या नवऱ्याशी.

नंतरचे काही आठवडे वाईट गेले. मी ती जाहिरात रोज बघायचे. एक दिवस ती दिसेनाशी झाली. विकली की काढून टाकली, विचारायला दोनदा मेसेज लिहिला आणि दोन्ही वेळा पुसला.

मार्चमध्ये नवसारीला एक सायकल मिळाली. रंग भडक हिरवा, मागचं चाक लचकलेलं, पण माप माझं. नवऱ्याने एकेक तार आवळत चाक सरळ केलं, आणि पहिल्या रविवारी मी व्याराला निघाले तेव्हा तो मोटरसायकलवर मागे मागे आला. पलसाण्यापर्यंत ती फटफट पाठीवर सहन केली. मग थांबून म्हटलं, "तू मागे फिर ना आता."

त्याने माझ्या मागच्या चाकाची हवा दाबून पाहिली. मग वळला.

बारडोलीचं वळण आलं, मी गाव टाळून बाहेरच्या रस्त्याने गेले. पुढे एका लिंबाखाली सायकल टेकवून, त्याचा फोन यायच्या आत मीच लावला.

"पोचली का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जातेय अजून."