काकांच्या वावरातलं दुपारचं भूत

भुतांवर मी कित्येक वर्षं पोट भरलं, आणि ती सगळी वर्षं दिवेलागणीनंतर परसात जायचं झालं की काकूला सोबत नेलं.

ही गोष्ट ऐंशीचं दशक सरतानाची. बी.ए. होऊन मी आंध्रात, पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो तिथं, बेल्याजवळच्या आमच्या मराठी खेड्यात काका-काकूंकडे राहत होतो (आईवडील लहानपणीच गेले, मला वाढवलं या दोघांनी) आणि नागपूरच्या मासिकांना टपालानं लिखाण पाठवून जगत होतो. आता याला फ्रीलान्स म्हणतात. तेव्हा रिकामटेकडा म्हणत. पारावर रोज माझी मुलाखत व्हायची.

"काय करून राह्यला बाबू सध्या?"

"लिहून राह्यलो."

"कोन्या हाफिसात?"

"हाफिस नाही. घरीच."

"मंग पगार कोन देते?"

"पोस्टमन."

यावर माणसं माझ्याकडे ज्या किवेनं बघत, त्या किवेवरच एक कादंबरी झाली असती! पण कादंबरीला गिऱ्हाईक नव्हतं. गिऱ्हाईक होतं पाककृतींना (त्या मी 'सौ. सुगरण' या नावानं लिहायचो, मला चहासुद्धा येत नव्हता), घरगुती औषधांना ('एक अनुभवी वैद्य'), आणि सर्वांत जास्त भुतांना. भुतांसाठी माझं नाव होतं 'अघोरी'. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. पुतण्या शेतीवर लेख लिहितो, असं ते अभिमानानं गावभर सांगायचे. मीही सांगू द्यायचो. काकांचा हात फार जड होता.

एकदा संपादकांचं कार्ड आलं: "रात्रीची भुते फार झाली. वाचक कंटाळले आहेत. काही नवे पाठवा. सत्य अनुभव हवा, गाव-शिवाराच्या नावासकट."

मी डोकं लढवलं. रात्रीचं नको, तर दुपारचं! कापसाच्या वावरात भर बाराला येणारी बाई. वेचणीच्या बाया कमरेला कापडाची ओटी बांधतात, तशी हिच्याही कमरेला ओटी. ती मागून येते आणि विचारते, "भरली का ओटी?" तुम्ही वळून पाहिलंत की संपलात! कारण तिची स्वतःची ओटी जन्मात भरलेली नाही. आता गाव-शिवार कुठून आणायचं? दुसरं गाव मी पाहिलं होतं कुठे! बेल्याचं नाव लिहिलं, नाल्याकाठचं वावर लिहिलं, बुजलेली विहीर लिहिली, तिच्यावर वाकलेली चिंच लिहिली. थोडक्यात, काकांचं वावर बांधासकट छापायला पाठवलं. नागपूरचं मासिक इकडे आंध्रात कोण वाचतंय?

बेल्याचा न्हावी वाचत होता! नुसता वाचत नव्हता, मोठ्यानं वाचत होता. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावायचा आणि एक पान वाचायचा. गाल वाळले, गोष्ट संपली, आणि आठवडी बाजाराच्या गर्दीतून ती जिल्ह्याच्या बसपेक्षा जोरात आमच्या गावात पोचली.

तेव्हा काकांचा कापूस असा फुटला होता की वावर पांढरं झालं होतं. आणि नेमकं आभाळ आलेलं. कापूस भिजला की काळा पडतो, बोंडातून लोंबतो, मातीत जातो. वर्षभराची मेहनत एका सरीत. काकांनी वेचणीच्या बायांना सांगावा धाडला. गिरजाबाई त्या बायांची पुढारी. ती अंगणात आली, पण ओट्यावर चढेना.

"नाई जी पाटील. तुमच्या वावरात आमी नाई येत."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? भूत हाये थितं!"

"कोन म्हनते?"

"छापून आलं हाये!"

"अवो, ते खोटं असन!"

"मानसाचं बोलनं खोटं असते जी," गिरजाबाई शांतपणे म्हणाली, "छापेल कसं खोटं असन?"

मी दाराआड उभा होतो. लेखक म्हणून इतका मोठा गौरव माझा ना आधी झाला ना नंतर, पण बाहेर येऊन आभार मानायची सोय नव्हती.

"रातच्याले नाई येत का ते?" काकांनी आशेनं विचारलं.

"नाई. भर बाराले. आमी वेचाले बसतो तवाच!"

रात्रीचं भूत लिहिलं असतं, तर कोणाचं एक बोंडही अडलं नसतं! नवेपणाचा हव्यास वाईट.

काका अंगणात येरझारा घालू लागले. "कोन हाये थो अघोरी? एकडाव सापडू दे! दरखास्त देतो ठान्यात. ठानं राहू दे, मीच पाह्यतो त्याले. लिवते त्या हाताची बोटं मोडतो एकेक!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लिवतं ना बाबू? तुले ठावूक असन. कोन असन बे हा?"

"नाव ऐकलंय," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. "पुण्याकडचा असावा."

आभाळ आणखी खाली आलं. शेवटी काकांनीच तोडगा काढला. "गिरजाबाई, हा आमचा शिकेल पुतन्या. उद्या बाराच्या टायमाले हा एकटा वेचन, त्या विहिरीपाशी. तुमी गाडीरस्त्यावर बसा निंबाखाली. याले काई झालं नाई, तं वावरात या."

"आन झालं तं?" गिरजाबाईनं विचारलं.

काका बैलांना कडबा टाकायला निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, यात भ्यायचं काय? भूत माझंच. तिचं लुगडं मी नेसवलेलं, तिचा आवाज मी दिलेला. ती नाही हे पृथ्वीवर ज्याला पक्कं माहीत होतं, असा माणूस एकच, मी! रात्रभर मी स्वतःला हेच सांगत होतो. पण अडचण अशी, की गोष्ट माझ्याकडून फार चांगली उतरली होती.

दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा, पांढरा पायजमा, उन्हासाठी डोक्यातोंडाला गुंडाळलेला काकांचा पांढरा दुपट्टा आणि कमरेला ओटी, अशा थाटात मी कापसाच्या पऱ्हाटीत शिरलो. पऱ्हाटी छातीइतकी होती. वाकलो की रस्त्यावरच्या बाया दिसत नव्हत्या आणि त्यांना मी. समोर ती विहीर. वर ती चिंच. 'चिंचेचे एकही पान हलत नव्हते' असं मी लिहिलं होतं. वर पाहिलं. खरंच हलत नव्हतं! 'दूरवर एक होला घुमून अचानक गप्प झाला.' होला घुमला. मी हात जोडून त्याला म्हणालो, "बाबा, गप्प नको होऊ." तो गप्प झाला.

घामानं कापूस बोटांना चिकटत होता, दुपट्ट्याला चिकटत होता. मारुतीचं नाव घेत मी बोंडामागून बोंड ओरबाडत होतो. ओटी फुगली. अंगात शिरशिरी आली. आणि अगदी मानेमागून बाईचा आवाज आला:

"भरली का ओटी?"

वळून पाहायचं नाही, एवढं मला माहीत होतं. नियम मीच केला होता! मी जी किंकाळी फोडली ती गाडीरस्ता ओलांडून बैलांपर्यंत गेली (एक बैल दावं तोडून घरी आला म्हणतात). पऱ्हाटी तुडवत, ओटीतला कापूस चहूकडे उधळत, दोन्ही हात वर करून मी धावलो. नाला एका उडीत पार केला. एरवी तो मी काठी टेकत ओलांडायचो. जो सुटलो तो पैनगंगेच्या दिशेनं, आणि एका ज्वारीच्या वावरात तोंड खुपसून संध्याकाळपर्यंत पडून राहिलो.

त्यामुळे पुढचं मला काकूकडूनच कळलं. आवाज काकूचा होता! नाल्याकडच्या वाटेनं ती माझी भाकर आणि जाताना गवत कापायला विळा घेऊन आली होती. मी सुटलो तशी ती भाकरीचं फडकं टाकून, विळा उगारून माझ्यामागे धावली, "अरे थांब, थांब!" करत. आणि रस्त्यावरच्या बायांनी काय पाहिलं? विहिरीपासून एक पांढरं, बिनतोंडाचं काहीतरी उसळलं, कापूस ओकत, किंकाळ्या मारत पळालं, आणि त्याच्यामागे विळा घेऊन काकू!

"पाटलीनबाईनं भूत हाकललं वं!" गिरजाबाई ओरडली.

काकू क्षणभर थबकली. तिनं आभाळाकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं, आणि पदर खोचून म्हणाली, "गेलं! महाराष्ट्रात गेलं! आता ते परत नाई येत. या वं बायाहो, लवकर!"

"आन तुमचा पुतन्या कुठी हाये?"

"त्याले कवाचंच घरी धाडलं. लय भित्रं हाये ते पोरगं."

पाऊस पडायच्या आत शेवटचं गाठोडं घरात आलं. काका इतके खूश झाले की अघोरीची बोटं मोडायचं विसरूनच गेले. मी अंधार पडताना मागच्या दारानं शिरलो. काकूनं ताट वाढलं, माझ्या केसांतला कापूस वेचून काढला आणि हळूच म्हणाली, "एक सांग बाबू. ते भूत माह्यासारखं काऊन बोलते? 'भरली का ओटी' तं मी म्हनतो बायायले, रोज."

मी चोरून बाजूला पाहिलं. काका शेजारीच जेवत होते.

"पुढच्या डावाले," काकूनं वरण वाढलं, "दुसऱ्याच्या वावरातलं लिव."

तेवढ्यावर तिनं ते मिटवलं. त्या बाईचे उपकार मी कुठे फेडणार होतो! पण पोट लेखकाचं. सगळा प्रकार मी गाव बदलून, गिरजाबाईनं रस्त्यावरून पाहिला तसा, शब्द न शब्द खरा लिहिला, आयुष्यातला पहिलाच सत्य अनुभव, आणि नागपूरला पाठवला. महिन्याभरात साभार परत आला. सोबत संपादकांचं कार्ड होतं:

"गोष्ट पटत नाही. इतके भित्रे भूत असूच शकत नाही."