बाबांची पाठ

अमरावतीच्या डॉक्टरांनी बाबांना कुशीवर वळवलं, पाठ पाहिली. मग मला जवळ बोलावलं. "बेडसोर आहे. ग्रेड फोर. हाडापर्यंत गेलंय."

माकडहाडावर तळहाताएवढा खड्डा होता. कडा काळ्या, आत पिवळट.

बेडसोर म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणारी जखम. दबलेल्या जागी रक्त पोचत नाही. आधी कातडी मरते, मग खालचं मांस. ग्रेड फोर म्हणजे शेवटची पायरी. डॉक्टरांनी विचारलं, "यांना कुणी वळवत नव्हतं का?"

बाबा मूर्तिजापूरला छोट्या, अरुंद रुळांच्या रेल्वेवर गँगमन, म्हणजे रूळ दुरुस्त करणारे कामगार होते. रिटायर झाल्यावरही अंगाने काटक. एका सकाळी त्यांच्या हातातून चहाची बशी पडली आणि तोंड वाकडं झालं. स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ. आम्ही त्यांना तडक अकोल्याच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वेळेत इंजेक्शन दिलं आणि बाबा वाचले. हे लिहिलंच पाहिजे, कारण ते खरं आहे.

नंतर त्यांना वरच्या मजल्यावर हलवलं. शेतकऱ्यांसाठी ती वर्षं वाईट होती. फवारणीचं औषध प्यालेली माणसं खेड्यांतून जीपने यायची आणि सगळा स्टाफ खाली धावायचा. वर एकच सिस्टर उरायची. आम्हाला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच आत सोडत.

बाबांचं उजवं अंग गेलं होतं, शब्द अडखळत. पण एक वाक्य स्पष्ट यायचं. "मांगं आग होऊन राह्यली वं."

बाबांची पाठ जळतेय, असं मी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "लकव्यात तसंच वाटते, ताई." मी चादर उचलायला गेले, तर ओरडली, "हात नका लावू, सलाईन निघून जाईन!"

मग वास यायला लागला. राउंडला आलेल्या डॉक्टरांची वाट अडवून मी म्हटलं, "साहेब, एकदा पाठ पाहा." ते बीपी पाहत म्हणाले, "प्रकृती सुधारते आहे. पाठीचं सिस्टर पाहतात." सिस्टर म्हणाली, पावडर लावली आहे.

त्या संध्याकाळी बाबांना सणकून ताप भरला. माझा धाकटा भाऊ गजानन पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वेचणी सोडून आला होता. बाबांच्या कपाळावर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, अठी ठेवलं तं बाबा हाती लागत नाई. चाल." स्वतःच्या जबाबदारीवर सही करून आम्ही त्यांना अमरावतीला आणलं.

तिथे डीब्रिडमेंट झालं. म्हणजे मेलेलं मांस कापून काढणं. हवेची गादी मिळाली. बाबांना दर दोन तासांनी वळवायचं हे मला तिथे शिकवलं, ड्रेसिंगही शिकवलं. जखमेच्या तळाशी लाल मांस दिसू लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे." बाबांनी त्या दिवशी वाटीभर पेज घेतली.

पण जखमेचं विष रक्तात गेलं होतं. त्याला सेप्सिस म्हणतात. बाबा गेले. लकव्यातून वाचलेला माणूस पाठीच्या जखमेने गेला.

तेरवी झाल्यावर मी आणि गजानन अकोल्याच्या त्या नर्सिंग होममध्ये गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मी तुमच्या वडिलांचा जीव वाचवला होता."

"हो, वाचवला," मी म्हटलं. "मग त्यांची पाठ कोणी पाहायची होती?"

"स्टाफ टिकत नाही, ताई." ते एवढंच बोलले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

जिन्यापाशी धारणीकडची एक बाई बसली होती. तिची सासू वर होती, तीही लकव्याचीच. मी विचारलं, "त्यांची पाठ पाहिली का?"

"नाई जी. सिस्टर रागावते."

गजाननला खाली थांबवून मी तिला घेऊन वर गेले. तीच सिस्टर होती. तिने मला ओळखलं. मी काही बोलायच्या आत ती पुढे आली आणि तिने म्हातारीचा खांदा धरला. आम्ही तिघींनी मिळून तिला वळवलं. माकडहाडावर लाल चट्टा होता. बोटाने दाबला तरी लाली जात नव्हती, म्हणजे जखमेची पहिली पायरी होती, पण कातडी अजून शाबूत होती. सुनेला मी कूस बदलायची, पाठीमागे उशी लावायची कशी ते दाखवलं.

सिस्टरचे डोळे भरून आले होते. "अख्ख्या मजल्याले मी एकटीच असतो जी," ती म्हणाली. "वळवत जाईन आजीले, जमंल तसं."

मी तिचे मनापासून आभार मानले. ती खोटं बोलत नव्हती. पण ज्यांचं माणूस असं पडून आहे त्यांना मला हेच सांगायचं आहे. त्या 'जमंल तसं'वर विसंबून घरी जाऊ नका. कोणी रागावलं तरी चादर उचला.